लाइन जायच्या आत

जुना संगणक अस्सल वापरावा की त्याची नक्कल लॅपटॉपवर चालवावी, हा वाद मुळात ज्यांच्या घरी तो संगणक होता त्यांचा आहे. इंग्लंड-जर्मनीत आज पन्नाशी ओलांडलेली माणसं माळ्यावरून आपला झेडएक्स स्पेक्ट्रम नाहीतर कमोडोर ६४ खाली काढतात, धूळ झटकतात, आणि मग त्यांच्यात दोन तट पडतात. एक म्हणतो, त्या रबरी कळा बोटाखाली दबल्या नाहीत तर मजा काय? दुसरा म्हणतो, अरे, सगळे गेम एका पेनड्राइव्हवर मावतात, ते खोकं पुसत कशाला बसतोस? दोघांचंही खरं आहे. पण दोघांच्याही गाठीला आठवण आहे, आणि ती त्यांनी गृहीत धरलेली आहे. त्यांची बोटं लहानपणी त्या कळांवरून मनसोक्त फिरलेली आहेत.

आमच्याकडे तसं नव्हतं. आर्वी तालुक्यातल्या आमच्या गावात त्या काळी फोन करायचा तर पोस्टात जावं लागे. घरगुती संगणक ही जात आमच्यापर्यंत घरगुती म्हणून आलीच नाही. ती आली सरकारी म्हणून, आणि कुलपात.

१९८४-८५ साली केंद्र सरकारनं शाळांसाठी ‘क्लास’ नावाचा संगणक साक्षरतेचा प्रकल्प सुरू केला. सुरुवातीला देशभरात अडीचशेच्या आसपास शाळा होत्या, पुढे त्या वाढत गेल्या. या शाळांना जे यंत्र मिळालं ते बीबीसी मायक्रो. केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीनं बनवलेलं, डिसेंबर १९८१ मध्ये आलेलं. बीबीसीनं टीव्हीवरून लोकांना संगणक शिकवायची मोहीम काढली होती, तिच्यासाठी म्हणून हे नाव. आत २ मेगाहर्ट्झचा ६५०२ प्रोसेसर आणि ३२ केबी मेमरी. आपल्याकडे मोहालीच्या सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्सनं हेच यंत्र ‘एससीएल युनिकॉर्न’ या नावानं काढलं. हे सगळं मला फार नंतर कळलं. शाळेत असताना आम्हाला एवढंच ठाऊक होतं की पूर्वेकडच्या खोलीला आता पडदे लागलेत आणि तिथं चपला बाहेर काढून जायचं असतं.

त्या खोलीतला तास म्हणजे बहुतेक वेळा वहीचा तास. सर फळ्यावर प्रोग्रॅम लिहायचे, आम्ही उतरवून घ्यायचो. फ्लोचार्ट पट्टीनं आखायचा, चौकटी पेन्सिलीनं, बाण निळ्या पेनानं. मग चौघं-पाच जण एका कीबोर्डपुढे. त्यात ज्याचे वडील शाळेच्या कमिटीवर, तो मधे बसणार हे ठरलेलं. मला बऱ्याचदा शेवटी ‘रिटर्न’ दाबायला मिळायचं, आणि त्या एका कळीसाठी मी डबा न खाता रांगेत पुढे उभा राहायचो. कळ काळी, वरची ओळ तेवढी शेंदरी-लाल. चालू करताना यंत्र दोन सुरांत बोलायचं: आधी एक खालचा, लांबट, आणि लगेच वरचा तोकडा. तो दुसरा सूर आला की सरांच्या चेहऱ्यावर जी सुटका दिसायची, तिचं कारण तेव्हा कळत नव्हतं.

दसऱ्याला शस्त्रपूजेत त्या खोलीतल्या यंत्रांचीही पूजा व्हायची. हार, हळद-कुंकू, अक्षता. आणि वर्षभर ऐकू यायचं ते एकच वाक्य: “लाइन जायच्या आत सेव्ह करा रे पोट्टेहो!” कारण लाइन गेली की मेमरीतलं सगळं गेलं. सेव्ह करायचं ते टेपरेकॉर्डरच्या कॅसेटवर, १२०० बॉडच्या वेगानं, म्हणजे सेकंदाला जेमतेम एकशेवीस अक्षरं. मोठा प्रोग्रॅम उतरायला मिनिटं लागायची, आणि आमच्या फीडरवर मिनिटांचा भरवसा कुणी द्यावा?

मधली वर्षं सांगण्यासारखी नाहीत. डिप्लोमा झाला, पुण्यात नोकरी झाली, वडिलांच्या आजारपणात परत आलो तो राहिलोच. आता गावात माझं ऑनलाइन अर्जांचं छोटं केंद्र आहे. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, पीकविमा, केवायसी. लोक त्याला सेतूच म्हणतात. या धंद्यात माणसाला एक गोष्ट भरपूर मिळते, ती म्हणजे सर्व्हर बसलेला असतानाचा वेळ. समोर पाच-सहा जण बाकावर, एकजण तंबाखू मळतोय, आणि पडद्यावर ते गोल गोल फिरतंय. अशाच एका दुपारी मी बीबीसी मायक्रोचा एम्युलेटर, म्हणजे त्याची हुबेहूब नक्कल करणारा प्रोग्रॅम, लॅपटॉपवर उतरवला.

काळा पडदा, वर ‘बीबीसी कॉम्प्युटर ३२के’, खाली ‘बेसिक’ हे प्रोग्रॅम लिहायच्या भाषेचं नाव, त्याखाली बाण. आणि लॅपटॉपच्या चिमुकल्या स्पीकरमधून तेच दोन सूर. बाकावरच्या एकानं विचारलं, “झालं का चालू सर्व्हर?” मी म्हटलं, थांबा जरा.

त्या दुपारी पहिल्यांदा माझ्या मागे कुणी उभं नव्हतं. ‘हो बाजूला’ नाही, घंटा नाही, सरांची किल्ली नाही. वहीत आखलेले सगळे फ्लोचार्ट मी पुढच्या काही महिन्यांत एकेक करून चालवून पाहिले. त्या शाळेच्या खोलीत वर्षभरात जेवढ्या कळा दाबायला मिळाल्या नसतील तेवढ्या इथे एका दुपारी दाबल्या. मला बीबीसी मायक्रो येतो असं आज मी म्हणतो, तो एम्युलेटरवर शिकलेला. शाळेत मी तो नुसता पाहिला होता.

म्हणून ‘अस्सल ते अस्सल’ असं कुणी छाती काढून म्हटलं की मला थोडं हसू येतं. अस्सल कुणाचं? आमच्या पिढीतल्या खेड्यातल्या मुलांच्या वाट्याला अस्सल यंत्र आलं ते दुरून, दुसऱ्याच्या खांद्यावरून डोकावून. त्याची नक्कल मात्र आम्हाला पुरती मिळाली.

आणि नक्कल तरी किती नक्कल? बीबीसी मायक्रोचा जीव म्हणजे त्याच्या रॉम चिपांतला, लाइन गेली तरी न पुसणारा मजकूर: १६ केबीची कार्यप्रणाली, १६ केबीचं बेसिक. एम्युलेटर चालवतो तो हाच मजकूर, बाइट न् बाइट. दोन्ही मिळून ३२ केबी. रोज सकाळी मला ज्या सुप्रभाताच्या चित्रांचा मारा होतो, त्यातलं कुठलंही एक यापेक्षा जड असतं. बेसिक लिहिलं सोफी विल्सन यांनी, यंत्राची जुळणी स्टीव्ह फर्बर आणि मंडळींनी केली. विल्सन यांनी लिहिलेली ओळ माझ्या लॅपटॉपवर जशीच्या तशी धावत असेल, तर खोटं काय आहे त्यात? खोटं आहे ते यंत्राचं शरीर. प्रोसेसर, आवाजाची चिप, पडद्यावर चित्र काढणारी चिप, या सगळ्यांचं सोंग दुसरा एक प्रोग्रॅम घेतो.

हे सोंग चांगलं वठवायचं म्हणजे काय, हे मला वाचायला फार आवडतं. चांगला एम्युलेटर मूळ यंत्राइतकाच शहाणा असून भागत नाही, तो तितकाच चुकणाराही असावा लागतो. ६५०२ मध्ये एक प्रसिद्ध खोड आहे. एका ठिकाणी लिहून ठेवलेला पत्ता वाचून तिथं उडी मारायची अशी एक आज्ञा त्याला देता येते. हा पत्ता दोन बाइटांचा. आता मेमरीची २५६ बाइटांची पानं समजा, आणि पत्त्याचा पहिला बाइट नेमका पानाच्या शेवटच्या जागी पडला, तर दुसरा घ्यायला ६५०२ पुढच्या पानावर जात नाही. त्याच पानाच्या सुरुवातीला वळतो आणि तिथं जे असेल ते उचलतो. आता एम्युलेटर लिहिणाऱ्यानं ही चूक ‘सुधारली’, तर त्या चुकीवर विसंबून लिहिलेला एखादा जुना प्रोग्रॅम कोलमडलाच म्हणून समजा. चूकसुद्धा जशीच्या तशी उतरली पाहिजे.

त्यासाठी काही लोकांनी जे केलं ते ऐकून मी गप्प झालो होतो. २०१० साली लोकांपुढे आलेल्या ‘व्हिज्युअल ६५०२’ या प्रकल्पात त्यांनी खऱ्या ६५०२ चिपचं कवच काढलं, आतल्या सिलिकॉनचे सूक्ष्मदर्शकाखाली फोटो घेतले, त्यावरून साडेतीन हजारांच्या आसपास ट्रान्झिस्टर आणि त्यांच्या जोडण्या आखून काढल्या, आणि ते सगळं ब्राउझरमध्ये चालतं केलं. आज ते पान उघडलं की चिपच्या आत वीज कुठून कुठे जाते ते रंगांत दिसतं. पण त्या पानापायी काही अस्सल चिपा कायमच्या कामी आल्या, हेही खरं. मग नक्कल अस्सलच्या जिवावर उठते म्हणायचं, की अस्सलला जिवंत ठेवते? दोन्ही म्हणता येईल, आणि एम्युलेटरवाले व अस्सलवाले एकमेकांचे वैरी नाहीत एवढं तरी यातून दिसतं.

ब्रिटनमध्ये एक प्रसंग घडून गेलेला आहे. १९८६ साली बीबीसीनं देशभरातल्या शाळकरी मुलांकडून आपापल्या गावाची माहिती, फोटो, नकाशे गोळा करून लेझर डिस्कवर साठवले. निमित्त होतं १०८६ सालच्या ‘डूम्सडे’ या जमीन-मोजणीच्या दफ्तराला नऊशे वर्षं झाल्याचं. पंधरा-सोळा वर्षांत त्या डिस्क वाचणारी यंत्रंच मिळेनाशी झाली. दफ्तर मात्र अजून वाचता येतं. शेवटी लीड्स आणि मिशिगन विद्यापीठांतल्या लोकांनी एम्युलेटर लिहून ती माहिती चालवून दाखवली. हे वाचलं तेव्हा मला आमच्या केंद्रावर येणारे जुने फेरफार आठवले. मोडीत लिहिलेला कागद घेऊन म्हातारा येतो, कागद धडधाकट, शाई ठळक, आणि वाचणारा माणूस शोधायला वर्ध्याला जावं लागतं.

तर असा मी नकलेचा भक्त. आणि मग अस्सल दारात आलं.

तालुक्यातल्या एका शाळेनं डेडस्टॉक रजिस्टरातल्या जुन्या वस्तूंचं निर्लेखन केलं. मोडके बाक, गंजलेली कपाटं, आणि त्यांच्याबरोबर किलोच्या भावानं कबाड्याकडे गेलेली काही खोकी. कबाडी ओळखीचा, त्याची सगळी कागदं माझ्याकडूनच होतात. त्यानं मोबाईलवर फोटो पाठवला: “हे काय व्हय भाऊ? टाइपराइटर हाये का?” शेंदरी-लाल कळांची ओळ पाहिली आणि मी गाडी काढली.

केंद्रातल्या टेबलावर ठेवलं तेव्हा पहिल्यांदा मनात आलं ते असं की, हे किती थोराड आहे! इतकी वर्षं मी ज्याच्याशी बोलत होतो ते पडद्यावरच्या एका चौकोनात मावत होतं. आणि खरं सांगतो, ते यंत्रच मला एम्युलेटरची नक्कल वाटलं. ओळख नकलेशी झालेली, त्यामुळे मूळ माणूसच परका. रंग पिवळट पडलेला. जुन्या प्लॅस्टिकमध्ये आग आटोक्यात ठेवायला ब्रोमीनची संयुगं घालत, त्यामुळे ते उन्हा-वयानं असं पिवळं होतं. हायड्रोजन पेरॉक्साइड लावून उन्हात ठेवलं की पांढरं होतं म्हणतात, ‘रेट्रोब्राइट’ म्हणून ती कृती प्रसिद्ध आहे. उन्हाला आमच्याकडे तोटा नाही, विदर्भातून निर्यात करता आलं तर सगळ्यांची कर्जं फिटतील. पण मी ते केलं नाही. त्याचं वय झालंय, दिसू दे.

मी ते चालू केलं नाही. ते नेलं आमच्या काकाजींकडे. काकाजी म्हणजे तालुक्याच्या गावी टीव्ही-रेडिओ दुरुस्तीचं दुकान अजून टिकवून असलेले एकमेव गृहस्थ. आता पंख्यांच्या आणि मिक्सरच्या मोटारींवर दुकान चालतं, पण मागच्या फळीवर अजून पिक्चर ट्यूबचे टीव्ही ओळीनं बसलेले आहेत. त्यांनी यंत्र उलटं केलं. कवचाच्या ज्या स्क्रूंवर ‘फिक्स’ असं कोरलेलं आहे, ते चार काढले की झाकण मोकळं होतं. हे मी वाचून गेलो होतो, त्यांना सांगायची गरज पडली नाही. झाकण बाजूला झालं, त्यांनी डाव्या बाजूची धातूची पेटी पाहिली आणि एकदम ओळखीचं कुणी भेटावं तसे हसले.

“हे त एसएमपीएस हाये, बाबू. याच्यात घाबराचं काय हाय? मले कंप्युटर येत नाही, पावर सप्लाय येते.”

पेटी उघडली. आत एक पिवळसर, अर्धपारदर्शक कपॅसिटर होता, बोटाच्या पेराएवढा. काकाजींनी चष्मा कपाळावर सरकवला, विजेरी धरली. कपॅसिटरच्या अंगावर केसाएवढ्या बारीक भेगांचं जाळं होतं. “हे पाय. तडकलं. सुरू केलं असतं त धूर निंगाला असता.” हा कपॅसिटर जगभर बदनाम आहे. मुख्य वीज जिथं आत येते तिथं बसवलेला, आत धातूचा थर दिलेला कागद. वरचं कवच वर्षानुवर्षांच्या उष्णतेनं तडकतं, भेगांतून दमट हवा कागदात शिरते, आणि मग एक दिवस बटण दाबलं की घाण वासाचा धूर. गंमत म्हणजे तो नुसता गाळणीचं काम करणारा असल्यामुळे धूर निघत असतानाही संगणक बिचारा चालूच राहतो. आमचा मे महिना आणि आमचा श्रावण, या दोघांनी मिळून या भेगा पाडल्या असणार. काकाजींनी तसले दोन कपॅसिटर काढले, एक मोठा इलेक्ट्रोलिटिक जातीचाही काढला. नवे सीताबर्डीवरून आणले. हे काम त्यांनी इंटरनेटवरचा एकही व्हिडिओ न पाहता केलं, आणि मजुरी विचारली तर म्हणाले, पंख्याची घेतो तेवढी दे.

एम्युलेटरमध्ये काकाजींना काही काम नाही. ही गोष्ट मला त्या दिवशी टोचली. लॅपटॉपवरच्या नकलेत काही बिघडलं तर दुरुस्त करणारा कुठेतरी दूर, कोड लिहिणारा. तो भला माणूस असेल, फुकटात करतो. पण अस्सल यंत्राचा बिघाड आमच्या तालुक्यातल्या माणसाच्या हाताला कळतो. त्याचं सबंध आयुष्य टीव्हीत गेलं आणि हे यंत्र टीव्हीच्याच काळचं.

मग कीबोर्ड उचलला. कळांच्या खाली, दांड्यांच्या बुडाशी, लाल भुकटी साचलेली. मी आधी गंज समजलो. काकाजींनी चिमटीत घेतली, हुंगली, बोटावर चोळली. कुंकू. त्यात हळदही, आणि ‘ए’च्या कळीखाली अक्षतेचा एक तुकडा. कुण्या सरांनी दरवर्षी मनापासून पूजा केलेली दिसत होती. ‘ए’ची कळ दाबली तर वर यायला वेळ घ्यायची ती त्या तांदळामुळे. कळा एकेक काढून ब्रशनं, मग स्पिरिटनं पुसल्या. लाल कळांच्या वर एक पारदर्शक पट्टी असते, तिच्याखाली कागदाची चिठ्ठी सरकवून कुठली कळ काय करते ते लिहायची सोय आहे. तिच्या कोपऱ्यातलं कुंकू मात्र काकाजींनी काढू दिलं नाही. “राहू दे थोडं.”

अस्सलची बाजू मांडायची तर मी हे कुंकू मांडीन. कळांचा स्पर्श, पडद्याची ऊब वगैरे लोक सांगतात, ते ठीकच आहे. पण एम्युलेटर कारखान्यातून निघालेलं यंत्र दाखवतो, कायम पहिल्या दिवसाचं. ते कुठे होतं, कुणी वापरलं, कुणाला वापरू दिलं नाही, यातलं काहीही त्यात नाही.

चालू केलं तेव्हा नुसता पहिलाच सूर आला आणि वाजतच राहिला. आता मला शाळेतल्या सरांची ती सुटका कळली. आवाजाची चिप वीज मिळताच आपोआप वाजू लागते. कार्यप्रणाली जागी झाली की ती तिला गप्प करते आणि मग आपला सूर वाजवते. म्हणजे पहिला सूर थांबत नसेल तर यंत्राची शुद्ध हरपलेली. रॉमच्या चिपा त्यांच्या खाचांतून काढून, पाय साफ करून पुन्हा बसवल्या. मग दोन्ही सूर आले. काकाजींच्या फळीवरच्या टीव्हीला एक वायर करून जोडलं. बीबीसीच्या ज्या तोंडाला ती वायर लावली त्यातून साधारणपणे चित्र काळंपांढरंच निघतं, आतला एक दुवा जोडला की रंग येतो. आम्ही काळंपांढरंच ठेवलं. दुकानात गर्दी जमली. एका पोरानं विचारलं, “याच्यात यूट्यूब नाही लागत का जी?” नाही म्हटल्यावर, “मंग हे करते काय?”

काय करते ते दाखवायला मी एक तारा पडद्यावरून सरकवला. आणि तिथं एक फरक डोळ्यांना दिसला, जो मी आजवर नुसता वाचला होता. बीबीसी मायक्रो सेकंदाला ५० वेळा चित्र पाठवतो, आपल्या टीव्हीच्याच तालावर. लॅपटॉपचा पडदा बहुतेक वेळा ६०च्या तालावर असतो. पन्नासाचं साठात बसवायचं म्हणजे काही चित्रं दोनदा दाखवावी लागतात, आणि सरकणारी गोष्ट किंचित अडखळते. इतकी वर्षं मी ते अडखळणंच त्या यंत्राचं चालणं समजत होतो. टीव्हीवर तारा तेलावरून गेल्यासारखा गेला. कळ दाबणं आणि पडद्यावर उमटणं यातलं अंतरही इथं जाणवत नाही. काही एम्युलेटरांत पिक्चर ट्यूबच्या रेघा मुद्दाम आखायची सोय असते, कॅसेटची मोटर चालू-बंद करणाऱ्या रिलेची टकटकही वाजवतात. मला ते कधी पटलं नाही. सोंग घ्यायचं तर चिपांचं घ्यावं, धुळीचं कशाला?

एफपीजीए नावाची मधली वाट आहे, चिपच्या आतली जोडणी मूळ यंत्रासारखी रचून घ्यायची, पण ती आमच्या बजेटात बसत नाही, म्हणून सोडतो.

अस्सल यंत्र आता माझ्या केंद्रात आहे, पण ते बारमाही नाही. कपॅसिटरचा एक ढोबळ नियम आहे: तापमान दहा अंशांनी वाढलं की आयुष्य निम्मं. मार्चनंतर पत्र्याखालच्या माझ्या खोलीत दुपारी काय होतं ते वेगळं सांगायला नको. म्हणून होळी झाली की त्याला कापडात गुंडाळून आतल्या मातीच्या खोलीत ठेवतो आणि दिवाळीला बाहेर काढतो. उन्हाळाभर आणि पावसाळाभर एम्युलेटर. अस्सल की नक्कल याचा निकाल आमच्याकडे हवामान लावतं.

मोबाईलवरही तो एम्युलेटर चालतो, ब्राउझरमध्ये. आणि इथं एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. मोबाईलच्या आत जो प्रोसेसर असतो तो एआरएम घराण्यातला. हे घराणं सुरू झालं त्याच एकॉर्न कंपनीत, त्याच विल्सन आणि फर्बर यांच्या हातून. पहिली एआरएम चिप एप्रिल १९८५ मध्ये चालू झाली. आणि ती चिप प्रत्यक्षात येण्याआधी तिची नक्कल लिहून तपासली गेली होती, ती बीबीसी बेसिकमध्ये. म्हणजे आधी एआरएमची नक्कल बीबीसी मायक्रोच्या बेसिकात धावली, आता बीबीसी मायक्रोची नक्कल एआरएमवर धावते. आजोबांच्या खांद्यावर नातू होता, आता नातवाच्या खिशात आजोबा. मी हे काकाजींना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “मंग अस्सल कोन?” मी म्हटलं, तुम्हीच सांगा.

या हिवाळ्यात माझी पुतणी त्याच्या मागे लागलीय. सातवीत आहे. एम्युलेटरवर तिचं मन रमत नाही, कारण लॅपटॉपवर बाकीचंही सगळं आहे. एका खिडकीत बीबीसी, दुसऱ्या खिडकीत कार्टून, आणि कार्टून जिंकतं. खोक्यात मात्र बाणाशिवाय काही नाही. त्या बाणापुढे ती चिकटून बसते. घरी कापूस वेचणी चालू होती, वेचणीची मजुरी किलोवर असते, आणि संध्याकाळी आईच्या वहीतला हिशेब रोज कुठे ना कुठे अडतो. तिनं ठरवलं, बाईचं नाव आणि किलो टाकले की मजुरी सांगणारा प्रोग्रॅम लिहायचा. ‘ब्रेक’ची कळ चुकून दाबली तर ‘ओल्ड’ म्हणायचं, प्रोग्रॅम परत येतो, हे तिला मी शिकवलं होतं. लाइन गेल्यावर काय म्हणायचं ते कुणी शिकवू शकत नाही. अर्ध्यावर लाइन गेली.

रडेल असं वाटलं होतं. पण ती म्हणाली, “काका, लाइन येईपर्यंत लॅपटॉपवरच टाकून ठेवू का?” लॅपटॉपला बॅटरी आहे. एम्युलेटर उघडून तिनं सगळा प्रोग्रॅम अंधारात पुन्हा टाकला, आधीपेक्षा भराभर, तोंडानं पुटपुटत. चालवून बघण्याआधीच लाइन आली.

आता तो इकडून तिकडे न्यायचा कसा? एम्युलेटर नकली कॅसेटवर सेव्ह करू शकतो. त्या नकली कॅसेटचं खरं आवाजात रूपांतर करता येतं. आणि अस्सल यंत्राला कान आहे, मागच्या बाजूला, कॅसेटचं गोल तोंड. काकाजी त्या दिवशी पीकविम्याच्या कामाला आलेच होते. त्यांनी खिशातून सोल्डरची वायर काढली नाही एवढंच; बाकी कुठली पिन कुठे ते बघून त्यांनी लॅपटॉपच्या इअरफोनच्या खाचेतून त्या गोल तोंडापर्यंत एक वायर ओढली. पुतणीनं यंत्राला ‘लोड’ म्हटलं. आत रिले टक् करून बसला. पडद्यावर ‘सर्चिंग’. मी लॅपटॉपवर आवाज सोडला. थोडा वेळ काहीच नाही, मग ‘डेटा?’ आणि खाली ‘रिवाइंड टेप’.

“आवाज वाढव, बाबू,” काकाजी म्हणाले. “लहान आवाज त्याले आयकू येत नाही.”

वाढवला. पुन्हा सुरुवातीपासून. ‘लोडिंग’, आणि पुढे आकडे चढू लागले, शून्य शून्य, शून्य एक, शून्य दोन. प्रोग्रॅम आत गेला. पुतणीनं ‘रन’ दाबलं. तिनं पहिल्या बाईचं नाव टाकलं, किलो टाकले, आणि यंत्रानं उत्तर दिलं: ‘मिस्टेक ॲट लाइन ४०’.

लॅपटॉपवर चालवून पाहिलं. तिथंही तेच, चाळिसाव्या ओळीला. चूक नकलेतून अस्सलमध्ये बिनबोभाट उतरली होती. ती आता कुठे दुरुस्त करायची यावरून आमच्या तिघांत जुंपली. पुतणी म्हणे खोक्यातच, काकाजी म्हणे लॅपटॉपवर कर, पुन्हा लाइन जाईल. बाकावरचा एकजण म्हणाला, सर्व्हर चालू झालाय का ते तरी पाहा.